शेकाला श्वास लागतो

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे ते निवृत्त माणसांनी. त्यांच्या हाताशी वेळ असतो, कपाटात सत्काराची शाल असते, आणि ज्यांच्यावर राग होता ती माणसंही तोवर निवृत्त झालेली असतात. मी अजून तिशीचीही नाही. शाल नाही आणि राग ताजा आहे. हे संपादकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तसंच लिही." मला लिहायची सवय आहे ती पत्रकांची: एक पान, मोठा टाइप, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. इथे उद्गारचिन्हं आवरते. राग आवरेन असं मात्र म्हणत नाही.

काम काय, ते आधी. आमची संस्था लहान आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांतून कॅन्सरचे पेशंट शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे, उपचार पुरे होईपर्यंत त्यांच्यासोबत राहायचं, मध्येच कुणी पळून गेलं तर घरी जाऊन परत आणायचं. उरलेल्या वेळात पत्रकं लिहायची आणि बाजारात, बंदरावर, एसटी स्टँडवर वाटायची. आमची पत्रकं लोक घेतात. सुकटीच्या पुड्या बांधायला कागद लागतोच.

रुग्णालयाच्या तळघरात शेकाचं मशीन आहे. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. आगरी मंडळी लाईट म्हणतात. दोन्ही शब्द चुकीचे, कारण त्यात उबही नाही आणि उजेडही नाही. पेशंट टेबलावर निजतो, जाड दार लागतं, मशीन अंगाभोवती फिरतं, घरघर होते, दार उघडतं. "झालं?" असं प्रत्येक नवा पेशंट विचारतो, जरा फसवल्यासारखं तोंड करून. इतक्या लांबून आलो ते एवढ्यासाठी? आणि उद्या परत? परवा परत? किती आठवडे?

हो, परत. रोज थोडा थोडा. का, ते मलाही पहिलं वर्षभर नीट माहीत नव्हतं. ते मला कळलं चांगुणामावशीमुळे.

चांगुणामावशी रेवदंड्याची. नवऱ्याची स्वतःची लहान बोट, म्हणून गाव त्याला नाखवा म्हणे. पकडून आणायचा तो आणि विकायची ती. अलिबागच्या बाजारात तिच्या पाटीसमोर उभं राहून भाव करायची छाती मोठमोठ्यांची होत नसे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर अंगावरून जायला लागलं, ते तिने महिनोन् महिने लपवलं. जवळच्या दवाखान्यात गेली, तिथे कुणी आत तपासलं नाही, ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेली, पुन्हा गोळ्या. तपासायला वेळ लागतो, गोळ्या द्यायला लागत नाही. आमच्या शिबिरात सापडली तेव्हा गाठ वाढलेली होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "शेक आणि सोबत इंजेक्शनं नीट पार पडली तर बरी होऊ शकते. नुसता दिलासा म्हणून बोलत नाही मी. बरी."

माझ्या कामात हा शब्द फार क्वचित कानावर येतो. तो मी मुठीत घट्ट धरून बाहेर आले आणि मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग एवढा तोंड का पाडलंस? तुना काय झाला?"

शिमगा होऊन गेला होता, मासेमारी भरात होती. नाखवा दर्यात, मुलगा त्याच्यासोबत दर्यात, भाऊबंद दर्यात. मावशीसोबत आली ती सून, वैशाली. रुग्णालयामागे आमच्या संस्थेची एक खोली आहे. तिथे दोघी राहायला आल्या. मी येऊन जाऊन असे. स्टोव्ह होता, रांधून खात.

खालच्या हॉलमध्ये नंबर येईपर्यंत बसून राहावं लागतं आणि तिथे ओळखी होतात. मावशीच्या शेजारच्या खुर्चीत दामूशेठ असायचा. उरणकडचा आगरी. बाप मिठागरावर राबला, हा न्हावा शेव्याच्या पोर्टात ट्रेलर पळवतो. घशाचा कॅन्सर, त्यामुळे आवाज म्हणजे नुसती फुंकर. पण त्या फुंकरीने तो अख्खा हॉल हसवायचा. नंबर यायच्या आधी तो उठायचा, कँटीनच्या मागे जायचा आणि बिडी ओढून यायचा. एकदा मी त्याला तिथे गाठलं.

"शेठ, घशाला शेक घेताय आणि घशातच धूर सोडताय?"

"बाय, माझे ट्रेलरला पण धूर निघतो. पोर्टात सोडतात की."

मी भाषण सुरू केलं. भाषण मला चांगलं येतं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "येक सांग. बिडीनं कॅन्सर झाला, मान्य. आता झालाच हाय. आता ओढली तर काय जास्तीचा होनार हाय?"

पत्रकात एवढंच होतं की तंबाखूने कॅन्सर होतो. झाल्यावर काय, ते पत्रकात नव्हतं.

मी तडक डॉक्टर मॅडमकडे गेले. त्या जेवत होत्या, डबा पुढे ठेवूनच त्यांनी मला समजावलं. त्यांनी सांगितलं ते आता माझ्या भाषेत सांगते, कारण माझ्या मते हे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक हवं.

जाळं फाटलं की कोळी काय करतो? सुतळी घेऊन बसतो आणि तुटलेली टोकं जुळवून गाठ मारतो. पेशीही तेच करते. शेकाचे किरण पेशीच्या आतला धागा तोडतात, ज्या धाग्यावर तिचं जगणं आणि वाढणं चालतं तो. पण तुटला म्हणजे संपला असं नाही. पेशी लगेच टोकं जुळवायला बसते. इथे प्राणवायू उपयोगी पडतो. तो जवळ असला तर तुटलेल्या टोकावर असा काही चिकटून बसतो की गाठ बसतच नाही. पेशी मरते. प्राणवायू नसला तर टोकं जुळतात, जाळं शिवलं जातं, पेशी उठून कामाला लागते. किरण तेच, मशीन तेच. पण गुदमरलेल्या पेशीला मारायला दुपटीहून जास्त मारा लागतो.

मी म्हटलं, "म्हणजे जिचा श्वास कोंडलाय तीच वाचते?"

मॅडम म्हणाल्या, "तीच वाचते. आपल्याला उलटं वाटतं, पण तसंच आहे."

आणि कॅन्सरच्या गाठीत अशा गुदमरलेल्या पेशी असतातच. गाठ भराभरा वाढते, तिच्यात रक्तवाहिन्या तेवढ्या वेगाने पोचत नाहीत. आपल्याकडे वस्ती वाढते तसंच. रस्त्याकडेच्या घरांना नळ आणि आतल्या घरांना थेंब नाही. शेक पहिल्यांदा बाहेरच्या पेशी मारतो. त्या मेल्या की आतल्यांना थोडी हवा मिळते. हवा मिळाली की त्या पुढच्या शेकाला बळी पडू लागतात. शेक रोज थोडा थोडा द्यायचं हेही एक कारण. म्हणूनच मध्ये खाडा चालत नाही. आणि ही हवा पोचवतं कोण? रक्त. रक्तातला लालपणा कमी झाला की आत हवा पोचत नाही. बिडीचा धूर त्याच लालपणात प्राणवायूची जागा बळकावतो.

दामूशेठला मी हे जाळ्याच्या भाषेत सांगायला गेले. तो म्हणाला, "जालीबिली कोल्यांना सांग." मग मी इंजिनाची भाषा काढली. हवा कमी पडली तर डिझेल कितीही ओता, गाडी चढ घेईल का?

"म्हंजे माझा एअर फिल्टर चोक हाय."

"आणि तो तुम्ही स्वतः बसून चोक करताय. रोज, मशीनवर जायच्या आधी."

त्याने खिशातलं बंडल काढलं आणि माझ्या हातात दिलं. नाटक नाही, काही नाही. "आधी असा कोन बोलला न्हाय," तो म्हणाला. "सगले बोलतात मरशील. ता मना पन ठाव हाय."

हे लिहिताना अजून संताप होतो. रक्ताचं आणि शेकाचं हे नातं काल-परवा सापडलेलं नाही. माझ्या आजीच्या वेळच्या डॉक्टरांनाही ते माहीत होतं. पण ते पुस्तकातून पेशंटच्या कानापर्यंत यायला पिढ्या गेल्या. मशीनवर मोठमोठी भाषणं होतात, फिती कापल्या जातात. मशीनवर निजणाऱ्या बाईच्या अंगात रक्त आहे का, हे विचारायला फीत लागत नाही. म्हणूनच कुणी येत नाही.

मावशीचं रक्त मात्र तपासलं जात होतं, दर आठवड्याला. पहिल्यापासूनच ते कमी होतं, इतके महिने अंगावरून गेल्यावर कमी असणारच. डॉक्टरांनी लोहाची औषधं दिली आणि खाणं सांगितलं. मासे, अंडी, कलेजी, हिरवी भाजी. त्यांनी विचारलं, "मासे खाता ना?" मावशी आणि वैशालीने एकमेकींकडे पाहिलं. नाखव्याच्या बायकोला हा प्रश्न! मीच हसून म्हटलं, "मॅडम, कोळीण आहे." मॅडमही हसल्या. तो प्रश्न तिथेच संपला.

दुसऱ्या आठवड्यात रक्त आणखी उतरलं. तिसऱ्यात आणखी. शेकाने पोट बिघडतं, जेवण जात नाही, रक्तस्राव अजून पुरता थांबलेला नव्हता, ही सगळी कारणं होतीच. तरी मॅडमच्या कपाळावर आठी होती. "औषध देऊनही रक्त वर कसं येत नाही?" त्या मला म्हणाल्या. "रक्त चढवावं लागेल. आणि लवकर. या रक्तावर मी शेक देतेय आणि आत काय चाललंय मला दिसतंय."

कारण सापडलं ते दामूशेठच्या डब्यामुळे.

त्याच्या बायकोने जिताड्याचं कालवण पाठवलं होतं. जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मासा. पेण-उरणकडे जावयाचं स्वागत त्याने होतं, आणि काम अडलं असेल तर साहेबाचंही. शेठच्या घशाला ते तिखट झेपणार नव्हतं, म्हणून त्याने डबा मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीने झाकण उघडलं. वास हॉलभर पसरला. तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला, आणि मग हाताने एक एक तुकडी काढून ती वाटू लागली. शेजारच्या म्हाताऱ्याला, वैशालीला, मला, सफाईच्या बाईला. डबा रिकामा झाला. तिने हात धुतला. धुतलेला हात नाकाशी नेला आणि पदराला पुसला.

दामूशेठ बघत होता. त्याच्या फुंकरीत तो म्हणाला, "कोलीन जिताडा वाटते? दर्या आटला काय आज?"

सगळे हसले. वैशाली हसली नाही. तिने हातातली तुकडी खाली ठेवली आणि रडायला लागली.

मावशीने नवस बोलला होता. गाठ कळली त्याच दिवशी, डोंगरावरच्या देवीला, आईला. "बरी होईपर्यंत म्हावरा तोंडाला लावनार न्हाय." नवसात आपल्याला सगळ्यात प्रिय ते सोडायचं, आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही, अशी तिच्या घरची रीत. सुनेला माहीत होतं, कारण रांधत ती होती. इतके दिवस मावशी पेज, लोणचं आणि कधी डाळीचं पाणी यावर होती. मासे नाहीत तर अंडं-मटण तरी? तेही नाही. आईला दिलेल्या शब्दात अशा पळवाटा काढायच्या नसतात.

त्या दुपारी खोलीवर आम्ही भांडलो. लाजत नाही सांगायला, मी ओरडले. अंधश्रद्धेवर माझं एक पत्रक आहे, ते मला तोंडपाठ आहे. ते मी तिला सगळं ऐकवलं.

ती शांतपणे सुपारी कातरत होती. श्रीवर्धनच्या कुणा नातेवाइकाने दिलेली सुपारी, खायची बंद केलेली, पण कातरायची सवय गेली नव्हती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुझी डॉक्टरीन काय बोलली? नक्की बरी होशील?"

"होऊ शकते म्हणाली."

"होऊ शकते. आनि शेक चुकला तर?"

"मग..."

"मंग आई तरी कवा बोलली नक्की? दोघी पन तशाच. मी दोघींचा पन आयकते. एकीला अंग दिला, दुसरीला तोंड दिला. तुना राग कसला आला?"

"मावशी, एकीचं ऐकल्यामुळे दुसरीचं काम होत नाहीये! रक्त नसेल तर शेक आत मरतोय. पेशी मरत नाहीये, शेक मरतोय!"

"मना समजला. जालीचा तू शेठला सांगितलास तवाच समजला." तिने कातरलेली सुपारी चिमटीत धरून पाहिली. "पन आता मोडला आनि काय वाकडा झाला, तर तुझे डॉक्टरनीला कोन विचारनार न्हाय. सगला गाव मना विचारल. माझा पोर दर्यात हाय, बाय. नवरा दर्यात हाय. मी आता शब्द मोडू?"

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. अजून नाही.

मग रक्ताची धावाधाव. रक्तपेढीत सांगितलं, पिशवी हवी तर आधी बदली रक्तदाते आणा. दाते आणायचे कुठून? घरातले पुरुष समुद्रात. रेवदंड्याला मी फोनावर फोन केले. बंदरावर जे होते त्यातल्या दोघांनी सांगितलं, रक्त दिलं तर जाळं ओढायला जोर राहत नाही. आपल्या गावातल्या बाईसाठी! मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. कायदा काय म्हणतो, नियम काय म्हणतो, हे मी रक्तपेढीच्या खिडकीशीही ओरडून सांगितलं. खिडकीतला माणूस थकलेला होता. तो म्हणाला, "ताई, पिशव्याच नाहीत. तुम्ही माझ्यावर ओरडून मी कुठून काढू?" माझा राग मग कुणावर काढायचा तेही मला कळेना. माझं स्वतःचं वजन नियमात बसत नाही. वैशालीचंच रक्त सासूपेक्षा फार बरं नव्हतं. तिला आजवर कुणी तपासायला सांगितलंच नव्हतं.

शेवटी दामूशेठने पोर्टातल्या आपल्या ट्रेलरवाल्या पोरांना फोन लावला. त्याचा आवाज पलीकडे ऐकू जाईना, म्हणून तो माझ्या कानात फुंकायचा आणि मी फोनात ओरडायचे. "सांग, दामूशेठ बोलतो. गाडी कुठं पन लावा आनि या." पोरं पोर्टाच्या रांगेत कंटेनर घेऊन अडकलेली. एकदा रांग लागली की ती सोडता येत नाही. दिवस गेले. मग एका सकाळी रक्तपेढीसमोर ट्रेलरवाल्यांचा घोळका उभा, कुणी लुंगीवर, कुणी पायात दोन वेगळ्या चपला. कुणी आगरी, कुणी उत्तरेकडचे, एक जण तर मावशी कोण हे विचारायलाही विसरला. त्यांचं रक्त मावशीला चढलं. तोवर शेकाचे निम्म्याहून जास्त दिवस संपले होते.

त्याच आठवड्यात बोट बंदराला लागली आणि नाखवा आला. उंच, काळा, अबोल माणूस. वैशालीने दारातच त्याला सगळं सांगितलं. मी पुढे होऊन जाळ्याचं उदाहरण पुन्हा सुरू केलं. त्याने हात वर करून मला थांबवलं. त्याला एकदाच ऐकायची सवय होती.

तो मावशीसमोर जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "काय बोललीस? शब्द सांग."

तिने सांगितले. बरी होईपर्यंत म्हावरा तोंडाला लावनार न्हाय.

"मंग तो मी घेतो."

"असा घेता येतो काय?" मावशी चिडली.

"बोजा घेता येतो. पाटी उचलताना दमलीस तर कोन घेतो? मीच ना?"

त्याने पिशवीतून नारळ काढला. गावाहून आणलेला, देवळात न्यायचा म्हणून. खोलीला आईच्या डोंगराच्या दिशेला खिडकी नव्हती, दार होतं. तो दारात उभा राहिला, बाहेर रुग्णालयाची मागची भिंत आणि कपडे वाळत घातलेली तार, तिकडे तोंड करून. म्हणाला, "आई, हिचा शब्द माझे अंगावर घे. ही बरी होईपर्यंत मी म्हावरा खानार न्हाय. हिला मोकली कर." उंबऱ्यावर नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

मावशी रडत होती. "तू दर्यात काय खाशील रं? बोटीवर दुसरा असतो काय?"

"भात असतो. मीठ असतो."

मग त्याने डबा उघडला. बांगड्याचं कालवण होतं, सुनेच्या माहेरून भरून आणलेलं. त्याने स्वतःच्या हाताने काटे काढले आणि घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं. चावताना डोळे मिटले होते. मी खोलीबाहेर आले. एवढी पत्रकं लिहून मला जे जमलं नव्हतं ते या माणसाने एका नारळात केलं, आणि ते माझ्या कुठल्याच विचारात बसत नव्हतं.

रक्त चढलं. खाणं सुरू झालं. गालावर रंग आला, स्राव थांबला. राहिलेले शेक पार पडले. आतून द्यायचे असतात तेही झाले. शेवटच्या दिवशी तिने हॉलमधल्या सगळ्यांना सुके बोंबील वाटले आणि दामूशेठला बजावलं, "बिडी पेटवलीस तर पोर्टात येऊन मारीन."

नारळी पुनवेला मी रेवदंड्याला गेले. बोटी रंगवलेल्या, पताका लागलेल्या. मावशी हिरव्या लुगड्यात, अंबाड्यात अबोली, बायकांत नाचत होती. दमून माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, "नाखवांचा नवस फेडायचा ना आता?"

"डॉक्टरीन बरी बोलली की फेडू. अजून बोलली न्हाय. तो पन ऐकत न्हाय, बोलतो पक्का कलूदे."

पक्कं कळलं ते दिवाळीनंतर. पुन्हा लाल लागलं. गाठ तिथेच होती, आत खोल, आणि आता पसरलेली. मॅडमनी सांगितलं, त्याच जागी पुन्हा तेवढा शेक देता येत नाही. बाकीचं अंगच ते सोसणार नाही. पुढच्या औषधांनी वेळ थोडा वाढेल.

वैशालीला बाहेर बसवून मी मॅडमना विचारलं. पहिल्यापासून रक्त असतं तर? पहिल्या दिवसापासून जेवत असती तर? पिशव्या वेळेत मिळाल्या असत्या तर? तपासायला गेली तेव्हा कुणी तपासलं असतं तर?

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "नक्की असं कुणालाच सांगता येणार नाही. चांगलं रक्त असलेल्या बायकांनाही हे परत होतं. मी तुला 'हो' म्हटलं तर ते खोटं होईल." त्यांनी चष्मा काढला. "पण 'नाही' म्हटलं तर तेही खोटंच."

माझ्या पत्रकांत एक गुन्हेगार असतो. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी. इथे मी आरोपाची ओळ पुन्हा पुन्हा लिहून पाहिली. गोळ्या देऊन परत पाठवणारे होते. पिशव्या नसलेली खिडकी होती. जाळ्याचा जोर जपणारे होते. आणि एक बाई होती, जिने आपलं सगळ्यात प्रिय ते देऊन टाकलं होतं, कारण देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं. तिचं नाव त्या यादीत मी लिहू शकले नाही. बाकीच्यांची लिहिली, पत्रक काढलं, वाटलं. सुकटीच्या पुड्या बांधल्या गेल्या असतील.

मावशी शिमग्याच्या आधी गेली. घरीच. मी पोचले तेव्हा ओटीवर बायका होत्या आणि बंदरावर बोटी उभ्या होत्या. त्या दिवशी कुणी दर्यात गेलं नाही.

दुखवटा संपला की भाऊबंद म्हावरा रांधतात, सगळ्यांनी बसून तिखट जेवायचं आणि उद्यापासून कामाला लागायचं अशी तिकडची रीत. मला बोलावलं होतं. दामूशेठ आला होता, मुलाच्या गाडीतून. त्याचा घसा बरा होता, आवाज थोडा परत आलेला. तो आवाज त्याने त्या दिवशी फारसा वापरला नाही. पंगत बसली. पानात भात, कोलंबी, तळलेला बांगडा. नाखव्याने आपल्या पानातला बांगडा उचलून शेजारी बसलेल्या भावाच्या नातवाच्या पानात ठेवला आणि भातावर मीठ घेतलं.

त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "आरं, आता कसला नवस? ती गेली. सुटला तो शब्द."

नाखव्याने भात कालवला. "बरी होईपर्यंत बोललो हाय."

"व्हय, पन..."

"मंग? झाली काय बरी?"

बायकांनी वाढायचं थांबवलं. मग त्याने पहिला घास घेतला, आणि सगळे जेवू लागले.

आता नवा पेशंट आला की मी "काय खाता?" हे विचारत नाही. "काय सोडलंय?" असं विचारते. बहुतेक जण आधी हसतात. मग काही जण खाली बघतात. कुणी अंडं सोडलेलं असतं, कुणी रात्रीचं जेवण, एका आजोबांनी तर पाणीच निम्मं केलं होतं, लघवीला उठवायला कुणी नव्हतं म्हणून. मॅडमही आता हाच प्रश्न विचारतात. आमच्या पत्रकावर तो सगळ्यात वर असतो, उद्गारचिन्हाशिवाय.

रेवदंड्याला काम निघालं की नाखव्याकडे जाते. वैशालीला पोर झालं, ती माहेरी असते तेव्हा घरात रांधतो तोच. परवाही गेले. तो चुलीशी बसून कालवण ढवळत होता, मुलगा बोटीवरून यायचा होता. मला बघून त्याने पाट सरकवला. ताटलीत भात वाढला, वर कालवण, एक बांगडा, शेपटीकडची बाजू, मला आवडते ती. मी विचारलं, "तुम्ही?" त्याने शेजारच्या वाटीकडे बोट केलं. भात होता, वर मीठ.

मी पहिला घास घेतला. तो ढवळणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ बरोबर हाय काय?" त्याने विचारलं. "मना चाखता येत न्हाय."